चार किनारी आणि एक ग्राफिक्स कार्ड

मी एक ग्राफिक्स कार्ड. नाव मोठं असलं तरी मी जेमतेम तळहाताएवढा आहे. हिरवी पट्टी, तिच्यावर एक काळी चिप, चिपवर छोटासा पंखा आणि खालच्या कडेला सोनेरी दातांची एक ओळ. कॉम्प्युटरच्या डब्यात मदरबोर्ड नावाची मोठी पाटी असते. तिच्या खाचेत हे दात रोवून मी उभा असतो. तुम्हाला पडद्यावर जे काही दिसतं, ते आधी माझ्या हातून जातं.

पडदा नीट चालला तर लोक पडद्याचं कौतुक करतात. बिघडला की मात्र मला शिव्या पडतात, नाहीतर माझ्या ड्रायव्हरला. हा ड्रायव्हर गाडी चालवणारा नव्हे. तो माझा दुभाषी. कॉम्प्युटरची भाषा वेगळी, माझी वेगळी. कॉम्प्युटर म्हणतो, ‘इथे लाल ठिपका काढ’, दुभाषी ते मला समजेल असं सांगतो, मी ठिपका काढतो. हे सेकंदाला हजारो वेळा चालतं. त्यामुळे मला स्वस्थ बसणं ठाऊकच नाही. बटण दाबल्यापासून माझा पंखा जो फिरू लागतो, तो थांबतो तेव्हा मी झोपलेला असतो, तोही एक डोळा उघडा ठेवून.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी मला तपासलं आणि खोक्यात घातलं. देशाचा बाजार तेव्हा बाहेरच्या मालाला मोकळा झाला होता, म्हणून मी जहाजातून आणि मग ट्रकमधून इंदूरला येऊ शकलो. पहिली दोन वर्षं मी भंवरकुआँजवळच्या एका गेम पार्लरमध्ये काढली. तिथे दिवसभर गाड्या एकमेकींवर आदळत आणि कॉलेजची मुलं ओरडत. मग माझ्यापेक्षा तगडं कार्ड आलं आणि मला काढून परेशच्या दुकानात पाठवलं.

परेश जुने-नवे भाग जोडून कॉम्प्युटर तयार करून द्यायचा. दिवाळीनंतर त्याने असाच एक डबा जोडला, मला त्यात बसवलं आणि स्कूटरवर पायाशी ठेवून परदेशीपुऱ्यात अशोकरावांच्या घरी आणलं. परेशने एका बाजूचा पत्रा काढून ठेवला. “हवा लगती रहेगी,” म्हणाला. त्यामुळे मला ती खोली दिसू लागली आणि त्या घरातली माणसंही.

अशोकराव कपड्याच्या मिलमध्ये सव्वीस वर्षं डिझाइन मास्टर होते. चादरी आणि टॉवेल यांच्या किनारींची नक्षी ते ग्राफ कागदावर काढत. एक चौकोन म्हणजे एक दोरा. दोन वर्षांपूर्वी मिल बंद झाली. तेव्हापासून ते सकाळी सातला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसत आणि बसल्या बसल्या त्यांचा उजवा पाय सारखा हलत राही. तो पाय मला डब्यातून समोरच दिसायचा. माझ्या पंख्यासारखाच होता तो. थांबायचाच नाही.

माऊस त्यांना पहिल्या आठवड्यात अजिबात वश झाला नाही. मग एके दिवशी त्यांनी पडद्यावरचं चित्र मोठं, आणखी मोठं करत नेलं आणि एकदम ओरडले, “शोभना, इकडे ये! अगं, हा तर ग्राफ कागद आहे!”

त्यांच्या पत्नी, शोभनाताई, पिठाचे हात घेऊन आल्या. पडद्यावर नुसते चौकोन दिसत होते.

“मग? त्यात काय एवढं?”

“एक चौकोन, एक दोरा! मला येतं हे. हे तर मला पहिल्यापासून येतं.”

त्या दिवसापासून ते आणि मी कामाला लागलो. गेम पार्लरमध्ये माझ्याकडून कोणी इतकं हळू आणि इतकं नेटकं काम करून घेतलं नव्हतं.

एप्रिलमध्ये पीथमपूरच्या एका नव्या कारखान्यातून निरोप आला. तिथे परदेशात पाठवायचे टॉवेल विणत. मॅनेजरने सांगितलं होतं, ‘कॉम्प्युटरवर केलेल्या चार किनारी घेऊन मेच्या तिसऱ्या शुक्रवारी या. पसंत पडल्या तर डिझाइन रूम तुमची.’ अशोकराव अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. पुन्हा असं कोणी बोलावील याची त्यांना खात्री नव्हती. घरात हे कोणी बोललं नाही, पण त्या दिवसापासून त्यांचा पाय जास्तच हलू लागला.

आणि नेमका तेव्हाच मी बिघडलो.

आधी पडद्यावर हिरव्या आडव्या रेघा यायच्या. मग चित्र गोठायचं. माऊस हलवला तरी बाण जागचा हलायचा नाही. शेवटी निळी पाटी यायची, तिच्यावर इंग्रजीत ड्रायव्हरच्या नावाने चार ओळी, आणि सगळं बंद. मला आठवायचं ते एवढंच: दातांत एकदम मुंग्या येत, दुभाष्याचं बोलणं तुटक ऐकू येई आणि मी भलतंच काहीतरी काढून बसे.

परेश आला. चहा घेता घेता त्याने कीबोर्ड पुढे ओढला.

“मास्टरजी, टेन्शन नका घेऊ. ड्रायव्हर करप्ट झालाय, बस. पुराना उडवतो, नया टाकतो. दस मिनिट.”

त्याने माझा दुभाषी काढला आणि सीडीवरून दुसरा बसवला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा निळी पाटी. परेश पुन्हा आला. या वेळी त्याने नव्याच्या जागी जुन्या आवृत्तीचा दुभाषी आणला. मग पडद्याचे रंग कमी करून पाहिले.

“सोळा रंगात किनार दाखवू मी त्यांना?” अशोकराव म्हणाले. “अरे भिया, टॉवेल विकायचाय की रांगोळी?”

परेशने डबा उचलून दुकानात नेला. तिथे एसी होता. मी पूर्ण दिवस एकदाही न अडखळता चाललो. “देखा? एकदम मक्खन,” म्हणत त्याने मला परत आणून दिलं. घरी दुसऱ्याच दुपारी मी कोसळलो. महिन्याभरात माझे सात दुभाषी बदलले. प्रत्येक जण बिचारा नव्या उमेदीने यायचा आणि आळ घेऊन जायचा.

अशोकरावांचं मत मात्र वेगळं होतं. ते म्हणत, “हवा कोरडी आहे. मशीनला कोरडी हवा सोसत नाही.”

हे त्यांचं मिलमधलं ज्ञान होतं. विणाई खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवत. छताजवळच्या नळ्यांतून पाण्याचे तुषार सोडत, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. सव्वीस वर्षं त्यांनी हेच पाहिलं होतं: धागे तुटायला लागले की कोणीतरी ओरडायचं, ‘पाणी खोला!’ आणि लूम सुरळीत चालू व्हायचे. त्यामुळे उन्हाळा लागताच त्यांनी घरातला पाण्याचा कूलर खिडकीतून काढून माझ्या शेजारी स्टुलावर आणून ठेवला होता. त्याचं तोंड नेमकं माझ्या उघड्या बाजूकडे. मी जसजसा जास्त कोसळू लागलो, तसतसा कूलर जवळ येत गेला.

“अहो, आम्ही तिघं उकडून मरतोय आणि हवा खातंय ते खोकं!” शोभनाताई म्हणाल्या. “आज पाणी आलंय ते हंडे भरू की तुमच्या मशीनला पाजू?”

“दोन बादल्या कूलरमध्ये घाल. शुक्रवारनंतर तुला अख्खा कूलर देतो.”

“द्याल हो. तोवर थंडी येईल.”

या घरात आणखी एक जण होती, कस्तुरी. त्यांची मुलगी, दहावीत जाणारी. तिचा आवाज मी पहिले तीन महिने ऐकलाच नव्हता. परेश आला की ती स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राही. परेश विचारी, “क्यों बेटा, तू गेम खेलती है क्या इस पर?” ती मान हलवून नाही म्हणे आणि आत जाई. पण तिचे डोळे मी पाहिले होते. परेश एखादा स्क्रू कुठे ठेवतो, कोणता दात कोणत्या खाचेत बसतो, दुसऱ्या एका कॉम्प्युटरच्या मेमरीच्या पट्टीचे दात त्याने एकदा इथल्याच ओट्यावर बसून खोडरबराने कसे घासले, सगळं ती दारामागून टिपत होती.

वडिलांना तिने एकदाच सांगून पाहिलं होतं. “बाबा, मधेमधे सेव्ह करत जा ना.”

“अपुऱ्या नक्षीला नंबर देत नसतात, कस्तुरी. आमच्या डिझाइन रूमचा कायदा होता. नंबर पडला म्हणजे नक्षी पूर्ण.”

म्हणून अर्धवट किनारीला ते नाव देत नसत आणि नाव नाही म्हणून ती कुठे जपून राहत नसे. मी कोसळलो की दोन-दोन दिवसांचे दोरे माझ्याबरोबर जात. कसंबसं करून तीन किनारी पूर्ण झाल्या. चौथी दोनदा गेली.

भिंतीवर एक कॅलेंडर होतं. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येई आणि शोभनाताई पाण्याच्या दिवसांभोवती निळ्या पेनाने गोल काढत. एप्रिलच्या शेवटी मला दिसलं, की कस्तुरी त्याच कॅलेंडरवर पेन्सिलीने बारीक ठिपके देतेय. मी ज्या दिवशी कोसळलो, त्या तारखेला एक ठिपका. मेच्या दुसऱ्या आठवड्यात ती कॅलेंडरसमोर बराच वेळ उभी राहिली. ठिपके एकूण नऊ होते. नऊच्या नऊ निळ्या गोलांच्या आत होते.

मग तिने वळून कूलरकडे पाहिलं. ज्या दिवशी पाणी येत नसे, त्या दिवशी शोभनाताई कूलरमध्ये थेंबही घालू देत नसत.

मला वाटलं, आता ही बोलेल. मी जीव तोडून पंखा फिरवत वाट पाहत होतो. ती दोनदा वडिलांच्या खुर्चीपर्यंत आली. एकदा तोंडही उघडलं. पण अशोकराव तेव्हा कूलरच्या जाळीवर हात फिरवत होते, लूमवरून फिरवावा तसा. “दमट झाली बघ हवा. आता चालेल,” ते स्वतःशीच म्हणाले. ती परत गेली. मला तिचा राग आला आणि तिचं कळलंही. मिल गेली, ओळखपत्र गेलं, सकाळचा भोंगा गेला. त्या माणसाकडे उरलं होतं ते हेच, मशीनला काय हवं असतं ते आपल्याला कळतं, एवढं एक.

शुक्रवार दोन दिवसांवर आला. बुधवार पाण्याचा दिवस होता. कूलर काठोकाठ भरलेला, आणि दुपारी तीन वाजता चौथ्या किनारीचे शेवटचे दोरे भरताना माझे दात सुन्न झाले. हिरव्या रेघा. निळी पाटी. अंधार.

अशोकराव उठले. खोलीत येरझाऱ्या घालू लागले. चार पावलं इकडे, चार तिकडे. मग त्यांनी कोपऱ्यातला फोन उचलून परेशला लावला. तो म्हणाला ते सगळ्यांना ऐकू आलं, “मास्टरजी, अब मान लो, कार्डच गेलंय. कबाडी पण घेणार नाही. दिल्लीहून नया मागवतो, आठ दिवस लागतील.”

“आठ दिवस,” अशोकराव म्हणाले आणि खुर्चीत बसले. “राहू दे. मी जातच नाही. त्यांना कोणीतरी विशीतला हवा असेल.”

त्यांचा पाय थांबला होता. मला तो थांबलेला पाहवला नाही.

तेव्हा कस्तुरी दारामागून बाहेर आली. तिने कूलरचं बटण बंद केलं.

“कूलर का बंद केलास?”

तिने कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

“बाबा, ह्याला ओल नकोय.”

“काय?”

“निळे गोल आईचे. ठिपके माझे. ज्या दिवशी कूलरमध्ये पाणी, त्याच दिवशी हे बंद पडतं. परेशभैयांच्या दुकानात कूलर नाहीये, म्हणून तिथे चालतं.” ती थांबली नाही. “सूत तुटतं कोरड्या हवेत. पण ह्यात सूत नाहीये, बाबा.”

 शोभनाताई ओल्या कपड्याचा पिळा हातात तसाच धरून उभ्या होत्या. अशोकरावांनी एकेक गोल बोटाने मोजला. दहाव्या ठिपक्याची जागा रिकामी होती, तिथे त्यांचं बोट थांबलं. आजचा बुधवार.

“सव्वीस वर्षं मी मशीनमध्ये काढली,” ते म्हणाले. आवाज चढला होता. “आणि तू मला शिकवतेस?”

“नाही, बाबा.”

“मग?”

“तुम्ही बघा. उघडून.”

ते उठले. वीज बंद केली, वायर काढली आणि मला खाचेतून बाहेर ओढलं. खिडकीच्या उजेडात धरलं. मला माझी अवस्था तेव्हाच कळली. पंख्याच्या पात्यांवर ओल्या धुळीचा चिखल. पाठीवर कूलरच्या पाण्यातल्या क्षाराची पांढरी पुटं. आणि सोनेरी दात हिरवट, काळे. माझा दुभाषी रोज किती ओरडला असेल, आणि मला त्यातलं किती ऐकू आलं असेल.

अशोकरावांनी बोटाने ती पांढरी पुटं खरवडली. बोट पाहिलं. मिलमधल्या पाण्याच्या नळ्यांवर असंच चढायचं, हे त्यांना बहुतेक तेव्हा आठवलं असावं.

“आता?” त्यांनी विचारलं. मुलीलाच विचारलं.

तिने दप्तरातून खोडरबर आणला. आधी रंगवायच्या कोरड्या ब्रशने माझी धूळ झाडली, मग एकेक दात घासला. हलक्या हाताने, एकाच दिशेने. मला गुदगुल्या झाल्या म्हटलं तर खोटं होईल. आंघोळ झाल्यासारखं वाटलं. मला परत खाचेत बसवताना तिने दोन्ही टोकं समान दाबली, परेश कधी दाबत नसे इतक्या काळजीने.

“आज पाण्याचाच दिवस आहे,” अशोकराव म्हणाले. “आज संध्याकाळपर्यंत चाललं तर मानेन.”

कूलर बंद, खिडक्या बंद, बाहेर मेची लू. तिघंही घामाने निथळत बसले. चौथी किनार चौथ्यांदा सुरू झाली. अशोकराव गळ्यात पंचा घेऊन चौकोन भरत होते, घामाचा थेंब कीबोर्डवर पडू नये म्हणून मान मागे टाकून. चार वाजले. पाच वाजले. मला दुभाष्याचा शब्दन्‌शब्द स्वच्छ ऐकू येत होता. त्यांना मात्र दर पाच मिनिटांनी वाटे, आता रेघा येणार. हात थांबे, ते पडद्याकडे रोखून बघत, मग पुन्हा पुढचा चौकोन.

साडेपाचला ते म्हणाले, “कस्तुरी, ते सेव्ह कसं करतात?”

“पण नंबर...”

“सांग गं. नाव काय देऊ?”

“‘अपुरी’ लिहा.”

त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं. गुरुवारी दुपारी ती किनार पूर्ण झाली आणि दोन फ्लॉपींवर उतरवली गेली. एक त्यांच्या खिशात, एक जेवणाच्या पिशवीत.

शुक्रवारी ते पहाटेच पीथमपूरला गेले. तो पूर्ण दिवस मला कोणी चालू केलं नाही. शोभनाताईंनी दोनदा दळण निवडलं. कस्तुरी उंबऱ्यापर्यंत गेली आणि परत आली, किती वेळा ते मी मोजलं नाही.

दिवेलागणीला ते आले. चपला काढल्या. पाणी मागितलं. पूर्ण तांब्या संपवला.

“बोला ना हो!” शोभनाताई म्हणाल्या.

“ठेवून घेतल्या. चारही. सोमवारपासून या म्हणाले.”

शोभनाताई मटकन खाली बसल्या आणि पदराने तोंड झाकून हसू लागल्या, की रडू लागल्या, मला नीट दिसलं नाही. कस्तुरी दाराला टेकून उभी होती. तिचा चेहरा उजळला, पण पुन्हा काहीतरी आठवून ती खाली बघू लागली. अशोकरावांच्या ते लक्षात आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आलं असावं.

“तू अजून काय पाहिलंयस?” त्यांनी विचारलं.

“काही नाही.”

“कस्तुरी. इतके दिवस तुला माहीत होतं आणि तू मला सांगितलं नाहीस. आता सांग. रागावणार नाही.”

 ती अगदी हळू म्हणाली, “तिसऱ्या किनारीत, नक्षी संपून पुन्हा जिथून सुरू होते ना, तिथे एक दोरा जास्त आहे.”

“शक्यच नाही.”

तिने मान खाली घातली. पण या वेळी ती आत गेली नाही.

अशोकरावांनी शर्टही न बदलता मला चालू केलं. तिसरी किनार उघडली, मोठी केली, आणखी मोठी केली, आणि बोट पडद्याला टेकवून मोजू लागले. एकदा मोजलं. दुसऱ्यांदा मोजलं. मग ते मागे रेलून बसले.

“खुर्ची आण,” ते म्हणाले. “इथे, माझ्या शेजारी. सोमवारच्या आत दुरुस्त करू. आणि सोमवारी मीच सांगेन त्यांना, चूक झाली होती म्हणून.”

आता अशोकराव रोज सकाळी पीथमपूरला जातात. तिथल्या नव्या कॉम्प्युटरमध्ये माझ्याहून किती तरी चपळ कार्ड आहे म्हणे. मी इथेच, कस्तुरीच्या वाट्याला. कूलर खिडकीत गेलाय. माझा पंखा हल्ली खरखरतो आणि कधीकधी कोपऱ्यात एखादी हिरवी रेघ उमटून जाते. या वेळी ओल नाही, धूळ नाही. माझं वयच झालंय आणि मला ते मान्य आहे, फक्त स्वस्थ बसायची सवय नसल्याने थोडं कठीण जातंय.

एकच मागणं आहे. मी कायमचा थांबेन त्या दिवशी पुन्हा दुभाष्यावर आळ घेऊ नका. सीड्या शोधत बसू नका, परेशला फोन लावू नका. खोलीत कुठेतरी एक मुलगी गप्प उभी असेल. तिने सगळं आधीच पाहिलेलं असेल. तिला फक्त कोणीतरी विचारावं लागतं.